कर्ता नसलेले क्रियापद

प्रथम वर्षाच्या वर्गात क्रियापदाचे प्रकार शिकवताना एक उदाहरण हटकून येते. सकर्मक, अकर्मक, द्विकर्मक अशी वळणे घेत आपण भावकर्तृक क्रियापदापाशी पोहोचतो आणि फळ्यावर लिहितो : 'मला मळमळते.' सोबतीला 'उजाडते', 'सांजावते', 'गडगडते' ही मंडळी असतातच. मग विद्यार्थ्यांना विचारायचे, की या वाक्यात कर्ता कोण? कोणी 'मी' म्हणतो, कोणी 'पोट'. दोन्ही उत्तरे चूक. या क्रियापदांना स्वतंत्र कर्ता नसतो. क्रियेचा भाव हाच त्यांचा कर्ता. काही व्याकरणकार त्यांना सरळ 'अकर्तृक' म्हणून मोकळे होतात. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'नंतर शंभरावर वर्षे या विषयावर वाद घालण्याची आपली परंपरा आहे, आणि त्या वादात आम्हीही तरुणपणी हिरिरीने उतरलो होतो.

ऑगस्ट २०१४ मधल्या एका दुपारी आमच्यातली 'ती' हेच उदाहरण फळ्यावर लिहीत होती. वाक्य पुरे झाले आणि त्याच क्षणी ते खरे ठरले. खडू खाली ठेवून, तोंडावर पदर धरून ती वर्गाबाहेर गेली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, 'मॅडमनी प्रात्यक्षिक करून दाखवलं!' वर्ग हसला. स्टाफरूमपर्यंत ही गोष्ट पोहोचली तेव्हा तिथल्या अनुभवी स्त्रियांनी वेगळाच, आनंदाचा अर्थ काढला. तोही चुकीचाच होता. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता खाल्लेले पोहे दुपारी तीन वाजता जसेच्या तसे बाहेर पडले होते, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. आमचेही नाही.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. एम.ए.च्या वर्गात आमची ओळख झाली, पुढे लग्न झाले, आणि गेली वीस वर्षे आम्ही एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो. आमचे गाव पुण्यापासून एसटीने रात्रभराच्या अंतरावर आहे. या गोष्टीलाही कथेत थोडे स्थान आहे. आजारी मात्र एकच आहे : ती. 'आम्ही' या सर्वनामाने लिहू या, असे तो म्हणाला तेव्हा तिने विचारले, "आम्ही कशाला? तुला कुठे काय होतंय?" प्रश्न रास्त होता. उत्तर लेख पुरा होईपर्यंत सापडले तर पाहू, असे म्हणून आम्ही लिहायला बसलो.

मळमळीनंतर पायांची आग सुरू झाली. आधी तळव्यांना मुंग्या, मग रात्री निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी जळजळ, पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. चार घास खाल्ले की पोट तट्ट फुगे आणि संध्याकाळपर्यंत तसेच राही. पुढे आणखी एक विचित्र गोष्ट घडू लागली. खुर्चीवरून उठून फळ्याकडे वळले, की डोळ्यांपुढे अंधारी येई. बसून शिकवावे तर विद्यार्थ्यांना वाटे मॅडम कंटाळल्या, उभे राहावे तर फळा हलताना दिसे. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात घसा इतका कोरडा पडे, की 'लीळाचरित्रा'वर बोलताना जीभ टाळूला चिकटत असे. खडूच्या धुळीने होत असेल, असे आम्ही ठरवून टाकले. सगळ्या तक्रारींना आम्ही अशी वेगवेगळी कारणे दिली होती : पोटाला अवेळी जेवण, पायांना गुळगुळीत फरशी, चक्करेला रक्त कमी, घशाला खडू. एका कथेतली चार पात्रे आम्ही चार वेगळ्या कथांत वाटून टाकली होती.

तपासण्या झाल्या. दुर्बिणीने जठर पाहिले. व्रण नाही, अडथळा नाही. नसांमधून वीज सोडून तिचा वेग मोजला, वेग उत्तम. सोनोग्राफी झाली, रक्त झाले, मेंदूचा एमआरआय झाला. प्रत्येक वेळी एकच शब्द घेऊन परत आलो : नॉर्मल. हा शब्द ऐकताना नातेवाइकांच्या चेहऱ्यावर आनंद पसरतो आणि रोग्याच्या पायाखालची जमीन सरकते. दुखणे खरे असते आणि कागद म्हणतो की काही नाही. मग उरते एकच स्पष्टीकरण, आणि ते देण्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. शेजारच्या काकूंपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी ते दिले : "मनावर घेऊ नका."

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. खरे तर ती 'त्या'ची आहे. पण लेखाचे सर्वनाम ठरलेले असल्यामुळे दोघांच्या नावावर पडते आहे.

२०१७ च्या हिवाळ्यात रात्री दोन-अडीचला उठून ती स्वयंपाकघरात जाई आणि थंड शहाबादी फरशीवर पाय टेकवून बसून राही. एका रात्री तो उत्तरपत्रिका तपासत जागा होता. तो म्हणाला, "तू एकदा मनाशी ठरव, की आपल्याला काही झालेलं नाही. मग बघ." ती काही बोलली नाही. सकाळी उठून तिने नेहमीप्रमाणे दोघांचे डबे भरले. त्याच आठवड्यात तो एकटाच आमच्या डॉक्टरांकडे गेला आणि त्यांना म्हणाला, "तिला टेन्शन घ्यायची सवय आहे, सर. लहानसहान गोष्टी मनाला लावून घेते." डॉक्टरांनी ते केसपेपरवर इंग्रजीत टिपून घेतले : पतीच्या सांगण्यानुसार स्वभाव चिंताग्रस्त.

तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लागला. त्यानंतर ज्या ज्या तज्ज्ञाने ती फाइल उघडली त्याने ते वाक्य आधी वाचले आणि रोगी नंतर पाहिला. आपण साहित्याची माणसे. पहिले पान पुढच्या वाचनाला कसे वळण लावते, हे वर्गात घसा फोडून सांगतो. प्रस्तावना वाचून कादंबरी वाचू नका, असे विद्यार्थ्यांना बजावतो. इथे प्रस्तावना आम्हीच लिहिली होती. पुण्यातल्या एका दवाखान्याबाहेर नंबर लागायची वाट पाहत असताना, २०१८ साली, तिने सहज फाइल चाळली आणि ते वाक्य वाचले. तिने फाइल मिटली आणि विचारले, "हे तू कधी सांगितलंस?" त्यानंतर परतीच्या पूर्ण प्रवासात आम्ही बोललो नाही.

त्या भेटीत तज्ज्ञांनी आम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. ती अपमान गिळून गेली. आणि नेमक्या त्याच ठिकाणी, सव्वा तास शांतपणे सगळे ऐकून घेतल्यावर, त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही थकलेल्या आहात, पण हे दुखणं माझ्या खात्यातलं नाही. उभं राहिल्यावर तुमचं ब्लडप्रेशर कोणी मोजलंय का?" कोणी मोजले नव्हते. त्यांनी तिला आडवे झोपवून मोजले, ११८. उभे करून तीन मिनिटांत पुन्हा मोजले, ९२. वरचा आकडा वीसने उतरला तरी दखल घ्यायची असते. इथे तो सव्वीसने उतरला होता. मनाच्या डॉक्टरांनी शरीराचा पहिला पुरावा हातात दिला, हे आम्ही विसरू शकत नाही. मनाचे दुखणे खोटे असते असे आमचे म्हणणे नव्हे. तक्रार एवढीच, की 'मानसिक' हा शब्द आपल्याकडे बहुधा निदान म्हणून येत नाही. ऐकणे संपवण्यासाठी येतो.

दुसरा धागा घरातच सापडला. २०१९ च्या संक्रांतीला सासूबाई आल्या होत्या. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी असा बेत होता. सासूबाई जेवता जेवता सुनेकडे पाहत होत्या. जेवण झाल्यावर मुलाला म्हणाल्या, "अरे, ही प्रत्येक घासाला पाणी पिते. हिच्या तोंडात भाकरी भिजतच नाही. आणि मघाशी कांदा चिरला मी, तर माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, ही शेजारी उभी होती ती कोरडी ठणठणीत." पाच वर्षे आम्ही एका ताटाशी जेवत होतो. आमच्या लक्षात आले नव्हते. डोळे खुपतात म्हणून ती थेंब घालत असे. पण डोळे, तोंड, पोट आणि पाय यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

सासूबाईंचे ते वाक्य आम्ही सांध्यांच्या आणि संधिवाताच्या तज्ज्ञांना जसेच्या तसे सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी कागदाची एक अरुंद पट्टी तिच्या खालच्या पापणीत अडकवली आणि घड्याळ लावले. पाच मिनिटांत अश्रूंनी पट्टी किती भिजते ते पाहायचे. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा. तिची दोन मिलिमीटर भिजली. मग रक्तात 'अँटी-रो' नावाची प्रतिपिंडे सापडली. खालच्या ओठाच्या आतून तांदळाच्या दाण्याएवढ्या लाळग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या; तिथे पांढऱ्या पेशींनी घोळके करून ठाण मांडले होते. रोगाला नाव मिळाले : शोग्रेन.

नावाचा मागोवा घेण्याची आमची सवय जुनीच. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनमधले नेत्रवैद्य. १९३३ साली त्यांनी आपला प्रबंध जर्मन भाषेत सादर केला. डोळे कोरडे असलेल्या एकोणीस स्त्रियांची हकिगत त्यात होती; त्यांतल्या तेरा जणींचे सांधेही सुजलेले होते. कोरडे डोळे, कोरडे तोंड आणि सुजलेले सांधे ही तीन दुखणी नसून एकच दुखणे आहे, असे त्यांचे म्हणणे. परीक्षकांना प्रबंध तितकासा पसंत पडला नाही. विद्यापीठात अध्यापकी मिळण्याइतकी श्रेणी त्याला मिळाली नाही. शोग्रेन राजधानीपासून दूरच्या एका शहरातल्या रुग्णालयात डोळे तपासत राहिले. दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, एका ऑस्ट्रेलियन डॉक्टराने त्या प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद केला आणि मग जगाने तो वाचला. प्रबंध आणि परीक्षक या प्रकरणाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना ही कथा वेगळी समजावून सांगायला नको. आम्हाला मात्र त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते : विखुरलेल्या तक्रारी एका वाक्यात वाचणारा कोणीतरी असावा लागतो. आमच्या घरात ते काम सासूबाईंनी केले, आणि त्यांनी प्रबंध लिहिला नाही.

हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक होतो. साधारणपणे दहा रोग्यांत नऊ स्त्रिया. अलीकडे तज्ज्ञांनी त्याला 'सिंड्रोम' न म्हणता सरळ 'डिसीज' म्हणावे असे सुचवले आहे, कारण पहिल्या शब्दाने तो किरकोळ वाटतो. तो डोळ्यांपुरता राहत नाही. प्रतिकारसंस्था ग्रंथींबरोबर मज्जातंतूंनाही इजा करू शकते, आणि कधी कधी मज्जातंतूंच्या तक्रारी कोरडेपणाच्या आधीच दिसू लागतात.

मग नसांच्या तपासणीत वेग उत्तम कसा आला? या प्रश्नाने आम्हाला फार दिवस छळले. उत्तर साधे आहे. ती तपासणी जाड तंतूंची असते, ज्यांच्यावर वेष्टण असते आणि ज्यांतून संदेश वेगाने धावतो. आग, थंडी, दुखणे यांची वार्ता आणणारे तंतू अगदी बारीक असतात. काहींवर वेष्टणही नसते. विजेच्या तपासणीत ते दिसतच नाहीत. त्यासाठी घोट्याच्या वर तीन मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढून, त्यात वरच्या थरापर्यंत किती तंतू पोहोचले आहेत ते मोजावे लागते. म्हणजे पूर्वीचा अहवाल खोटा नव्हता. त्याने राजमार्गांची पाहणी केली होती. उखडल्या होत्या त्या पाऊलवाटा.

याच बारीक तंतूंतले काही आपल्या नकळत चालणाऱ्या कामांवर असतात : घाम, नाडी, रक्तदाब, पचन. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ लँग्ले यांनी १८९८ साली या व्यवस्थेला जे नाव दिले, त्याचे मराठी 'स्वायत्त चेतासंस्था' असे झाले. त्याच सुमारास महाविद्यालयांच्या स्वायत्ततेची चर्चा स्टाफरूममध्ये जोरात होती. ती म्हणाली, "आमच्या पोटाला आधीच मिळाली आहे. कोणाचं काही ऐकत नाही."

निरोगी जठर मिनिटाला साधारण तीन लाटांच्या लयीत आकुंचन पावते. घन अन्न दळून दळून एक-दोन मिलिमीटरच्या कणांइतके बारीक झाले, की मगच त्याला पुढे जाऊ देते. हे सगळे मेंदूतून निघून पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेच्या आणि जठराच्या स्वतःच्या मज्जाजाळ्याच्या देखरेखीखाली चालते. व्हेगस या लॅटिन शब्दाचा अर्थ 'भटका'. मान, छाती, पोट असा तिचा मुक्काम हलत असतो, म्हणून. ही देखरेख ढिली पडली, की जठर भरलेले राहते. वाटेत अडथळा काहीच नसतो, म्हणून दुर्बिणीला काही दिसत नाही. यासाठी वेगळी चाचणी असते. परदेशात तीत किरणोत्सारी द्रव्य मिसळलेला अंड्याचा पांढरा भाग आणि पाव देतात. आम्हाला इडली मिळाली. टेक्नेशियम घातलेली ती इडली खाऊन ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, आणि पुढचे चार तास थोड्या थोड्या वेळाने इडलीची छायाचित्रे निघत राहिली. चार तासांनी दहा टक्क्यांपेक्षा अधिक अन्न उरले तर जठर मंद समजतात. तिच्या जठरात अडतीस टक्के उरले होते. पडद्यावर तो उजळ ठिपका तिथेच बसलेला पाहून ती रडली. म्हणजे रडण्याचा प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी नव्हते. तो जवळ उभा होता. "दिसलं ना आता?" एवढेच ती म्हणाली.

आजाराच्या भाषेविषयी थोडे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावर लिहिलेल्या निबंधात तक्रार केली आहे, की प्रेमाचे दुःख सांगायला इंग्रजीत महाकवी हजर असतात, पण डोकेदुखी डॉक्टरला सांगू गेले तर भाषा आटते. मराठीबद्दल ही तक्रार करता येणार नाही. ठणका, कळ, चमक, शिणक, सल, चुणचुण, चरचर, आग, दाह, वळ, गोळा, पेटका, मुंग्या, बधिरता, ओढ : एवढे शब्द आमच्या आज्यांना सहज येत आणि त्यांतला प्रत्येक वेगळे काही सांगे. कळ येते आणि जाते. ठणका राहतो, त्याला नाडीचा ताल असतो. सल खोल असतो. चरचर कातडीवर असते. दवाखान्यात मात्र विचारतात, "दहापैकी किती?" सात म्हणावे की आठ? गुण देण्यात आमची उभी हयात गेली, तरी हा आकडा आम्हाला कधी देता आला नाही. नंतर वाचनात आले, की कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनाही आकडा अपुरा वाटला होता. त्यांनी रोग्यांच्या तोंडचे शब्द गोळा केले, त्यांचे वीस गट पाडले, आणि १९७५ साली अठ्ठ्याहत्तर शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. दुखण्याचा प्रकार शब्दावरून ओळखता येतो, हे त्यामागचे तत्त्व. मज्जातंतूंचे दुखणे 'जळते', 'टोचते', 'विजेसारखे चमकते'. ती पहिल्या दिवसापासून 'निखारे' म्हणत होती. आम्हाला ते अलंकारिक वाटले. ती वर्णन करत होती.

आणि अलंकारच म्हणाल, तर ते दुसऱ्या बाजूने आले. ऑटोइम्यून म्हणजे काय, हे समजावताना सगळे एकच वाक्य सांगतात : शरीर स्वतःवरच हल्ला करते. सैनिक, शत्रू, गैरसमजातून झालेला गोळीबार. सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये आजारावरच्या रूपकांबद्दल जे बजावले, ते आम्ही एम.ए.ला शिकवतो, आता ते घरात लागू पडले. एका नातेवाइकाने तिला सांगितले, "तू स्वतःवर प्रेम करायला शीक, म्हणजे शरीर हल्ला थांबवेल." रूपकाचा धोका हा असा. वाक्यात हल्ला आला, की त्याला कर्ता लागतो. 'शरीर' हा कर्ता, 'स्वतः' हे कर्म. आणि बघता बघता दोन्ही जागांवर रोगी येऊन बसते. तिनेच केले आणि तिलाच झाले. 'मनावर घेऊ नका' या वाक्याची रचनाही हीच होती. फक्त निदान बदलले होते.

तिने यावर शोधलेला उपाय व्याकरणाचा आहे. ती म्हणते, 'माझे शरीर हल्ला करते' हे वाक्य चूक आहे, 'मला मळमळते' हे बरोबर आहे. मराठीत भूक लागते, तहान लागते, ताप येतो, घेरी येते. यांतले काहीही मनुष्य 'करत' नाही. 'मला' ही चतुर्थी आहे. ती क्रिया कुठे घडते तो पत्ता सांगते, कोणी केली ते सांगत नाही. पूर्वजांनी भाषा घडवताना हा भेद नीट राखला होता. आम्ही तो वर्गात गुणांसाठी शिकवला आणि घरात विसरलो. तो चार वर्षे त्या क्रियापदाला कर्ता शोधत होता, आणि दुसरा कोणी सापडेना म्हणून त्याने तिला तिथे बसवले.

आज उपचार चालू आहेत, बरे होणे हा शब्द मात्र आम्ही वापरत नाही. प्रतिकारसंस्थेला आवर घालणारी एक गोळी, पायांच्या आगीसाठी एक, जठराला पुढे ढकलणारी एक. लाळ सुटण्यासाठी पिलोकार्पिन. ते जाबोरांडी या दक्षिण अमेरिकी झुडपापासून मिळते, आणि तिथल्या तुपी भाषेत त्या नावाचा अर्थच लाळ गाळायला लावणारे असा सांगतात. ही व्युत्पत्ती कळल्यापासून ती ते औषध आपुलकीने घेते. या रोगात लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची शक्यता इतरांहून जास्त असते, म्हणून मानेतल्या गाठी तपासून घ्याव्या लागतात. त्या भेटीच्या आदल्या रात्री आम्ही दोघेही झोपत नाही.

जेवणाचे शास्त्र उलटे झाले आहे. चोथा आणि स्निग्धता दोन्ही मंद जठराला जड. म्हणून जगाला पौष्टिक ते तिला वर्ज्य : भाकरी, पालेभाजी, पेरू, मोडाची उसळ, वर तुपाची धार. चालते ते मऊ भात, वरणाचे पाणी, पेज, चांगली घोटलेली खिचडी, तीही दिवसातून सहा वेळा, वाटी-वाटी. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात प्राणिमात्रांच्या पोटात देव स्वतः शेगडी होऊन बसतो आणि श्वासाच्या दोन भात्यांनी ती रात्रंदिवस फुंकली जाते, अशी कल्पना आहे. हा भाग शिकवताना ती पूर्वी जठराग्नीवर सुरेख बोलत असे. आता ती तिथे क्षणभर थांबते. शेगडी विझलेली नाही, भाता ढिला झाला आहे, असे तिचे भाष्य आहे. ते कोणत्याही टीकाग्रंथात नाही.

कठीण जाते ते लोकांचे. लग्नाच्या पंगतीत ताट समोर ठेवून न जेवणारी बाई म्हणजे यजमानाचा अपमान. आग्रह हा आपल्या प्रेमाचा व्याकरणनियम आहे आणि त्याला अपवाद मान्य नाहीत. "एक पुरणपोळी खाल्ल्याने काय होतंय?" काय होते ते सांगायला दोन दिवस लागतील, विचारणाऱ्याला दोन मिनिटेही नसतात. काही घरी जाणे आम्ही सोडले. काही घरी मात्र आता तिच्यासाठी न बोलता मऊ भाताचा कुकर लागतो. माणसांची ही विभागणी आजाराने आमच्यासाठी केली.

२०२० ची टाळेबंदी तिला, सांगायला संकोच वाटतो, थोडी सुखाची गेली. पडद्यावरच्या तासाला बसून शिकवता येई, घोटघोट पाणी पिता येई, मधेच आवाज बंद करून उचंबळून आलेले निस्तरता येई. महाविद्यालये उघडल्यावर तिने रीतसर अर्ज करून वर्गात उंच स्टूल मागितले. त्यावर बसून ती शिकवते. पाण्याची बाटली टेबलावर असते. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला कारण सांगते, एका वाक्यात.

यंदा पुन्हा भावकर्तृक क्रियापद आले. तिने फळ्यावर तेच उदाहरण लिहिले. एका मुलीने विचारले, "मॅडम, पण मळमळतंय तर त्या माणसालाच ना? मग तो कर्ता का नाही?" ती म्हणाली, "कारण तो ते करत नाही, त्याला ते होतं. आणि हा फरक ज्याला कळला त्याने त्या माणसाला निदान दोष तरी देऊ नये." असे उत्तर परीक्षेत लिहिल्यास गुण मिळणार नाहीत, हेही तिने सांगितले.

फाइलचे जुने पहिले पान अजून आहे. ते काढून टाकू, असे तो अनेकदा म्हणाला; तिने काढू दिले नाही. त्याच्यावर आम्ही एक नवे पान लावले आहे. सगळ्या तक्रारी, तारखा, तपासण्या, औषधे असे एका पानात, तिने सांगितलेले आणि त्याने उतरवलेले. त्यात स्वभावाविषयी एक शब्द नाही. नवे डॉक्टर ते आधी वाचतात.

राहिला सर्वनामाचा प्रश्न. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन पर्याय आहेत. 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, 'आपण' त्याला आत घेते. डॉक्टर सफाईने म्हणतात, "आपण ही गोळी सुरू करू", आणि गोळी एकटी तीच घेते. त्यानेही पूर्वी हेच केले होते : "आपल्याला काही झालेलं नाही." तिच्या पायांच्या आगीत त्याला 'आपण' म्हणून शिरता येत नाही, हे आता त्याला कळते. दुखते ते तिला. चुकले ते त्याला. पण रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात दिवा लागतो, तेव्हा दोघे त्या फरशीवर बसलेले असतात, आणि त्याला काय म्हणायचे हे व्याकरणात शोधूनही आम्हाला सापडलेले नाही. तूर्त 'आम्ही'च राहू दे, असे तिने लेख वाचून झाल्यावर सांगितले. तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, एक उपमा काढली, आणि उठली. सहापैकी चौथ्या जेवणाची वेळ झाली होती.